वाजती पंगत

भागाबाई हे त्यांचं खरं नाव नाही. खरं नाव मी एकदा छापलं होतं, जाड टाइपात, पत्रकाच्या पहिल्याच ओळीत. त्यातून जे झालं ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे, तेव्हा इथं त्यांचं नाव येणार नाही, पाड्याचं येणार नाही आणि तालुक्याच्या कार्यालयाचंही येणार नाही. नाशिकहून पश्चिमेला निघायचं, पेठ मागे टाकायचं, एसटी जिथे वळून परत फिरते तिथे उतरायचं आणि दीड तास चालायचं. एवढं पुरे.

मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मला सगळं माहीत होतं. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत जयंतीच्या वर्गणीपासून नळाच्या पाण्यापर्यंत कशाचंही पत्रक निघायचं, आणि शाळेत असल्यापासून ते लिहायला मलाच बसवायचे. कष्टकऱ्यांच्या संघटनेत आले तीही पत्रकं लिहिणारी म्हणूनच. नव्वदीची शेवटची वर्षं. कुपोषण हा शब्द पेपरात पावसाळ्याबरोबर यायचा आणि दसऱ्याच्या आत गायब व्हायचा. माझ्या पिशवीत ‘कुपोषण नव्हे, खून’ या मथळ्याचं पत्रक होतं. अंगणवाडीच्या दारात उभी राहून मी ते मोठ्यानं वाचायला लागले.

अंगणवाडी म्हणजे कुडाची एक खोली. कोपऱ्यात चूल. चुलीपाशी एक काटकुळी बाई बसलेली, माझ्याकडे पाठ, मुलांकडेही पाठ. तिच्या मागे पोरं ओळीनं बसून काहीतरी खात होती. माझा दुसरा परिच्छेद चालू असताना ती न वळता म्हणाली, “ताई, जरा गप बसा. ऐकू येत नाय मला.”

“मग आणखी मोठ्यानं वाचते.”

“तुमचं नाय. पोरांचं.”

मी गप्प बसले, पण रागानं. मग हळूहळू मलाही ऐकू यायला लागलं. वीस-बावीस पोरांचे दात नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, कडक पापडीवर चालले होते. एखादं पोर घाईघाईनं कडाकडा चावत होतं, एखादं उंदरासारखं कडेकडेनं कुरतडत होतं. भागाबाई मान थोडी कलती करून ऐकत होत्या. मिनिटभरानं म्हणाल्या, “भिवा वाजत नाय आज.” उठल्या, ओळीतल्या चौथ्या पोरापाशी गेल्या आणि त्याचा जबडा दोन बोटांनी उघडला. गालाच्या आतून पांढरे फोड आले होते. पापडी त्यानं मांडीखाली लपवली होती.

“समोर बसून बघत राहिलं का पोरं नाटक करत्यात,” त्या मला म्हणाल्या. “हात तोंडापर्यंत नेत्यात, आन खाली टाकत्यात. आवाजाचं नाटक नाय येत त्यांना अजून.”

वजनकाटा, तक्ते, दंडाचा घेर मोजायची पट्टी, हे सगळं त्या खोलीत होतं आणि त्या ते नेमानं वापरायच्याही. पण वजन महिन्यातून एकदा व्हायचं. कान रोज. वजनात उतरण्याआधी दोन आठवडे पोर त्यांच्या कानात उतरलेलं असायचं. असं कुठल्या प्रशिक्षणात शिकवतात, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “सासऱ्याची गुरं राखली मी. रवंथ थांबला का बैल आजारी. त्यात काय शिकायचं?”

त्यांचं सातवीपर्यंत शिक्षण झालं होतं. नवरा गिरणाऱ्याच्या बाजूला एका द्राक्षबागेत सालगडी, सणाला येणारा. मुलगी संगी आश्रमशाळेत. आम्हाला त्या ‘कागदवाले’ म्हणायच्या आणि तपासणीला येणाऱ्या पर्यवेक्षिकेला ‘वजनबाई’, कारण ती फक्त आकडे उतरवून न्यायची. पहिल्या दोन खेपांना मी ‘ताई, तुम्ही’ होते. तिसऱ्या खेपेला पाऊस लागला, मी मुक्कामाला राहिले, माझ्याच्यानं त्यांच्या घरची भाकरी थापली जाईना, आणि त्या म्हणाल्या, “सोड, तुला नाय जमायचं.” तेव्हापासून ‘तू’.

त्यांचं म्हणणं एकच होतं आणि ते कुठल्याही अहवालात मला सापडलं नाही. पोर उपाशी असतं कारण घरात नसतं, हे खरं. पण घरात असतं तेव्हाही ते खात नाही, हेही खरं, आणि त्याकडे कुणी बघत नाही. सकाळी पेज, दुपारी सरकारी लापशी, रात्री भाताचं पाणी. दिवसभर मऊ, ओलं, गिळगिळीत. आधीच अशक्त पोर. ते दोन घास घेतं आणि कंटाळून झोपतं. आई म्हणते, याला भूकच नाही. “मऊ म्हाताऱ्याला,” भागाबाई म्हणायच्या. “पोराला वाजणारं पायजे. वाजलं का त्याला कळतं आपण काय तरी करतोय.”

एसटीच्या वळणावरच्या दुकानात रंगीत कुरकुरीत नळ्यांच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या असायच्या. केशरी, पिवळ्या, रुपयाला एक. आम्ही त्यांच्याविरुद्ध एक पत्रक काढलं होतं. ते दाखवलं तर भागाबाई हसल्या. “पोरांचं काय चुकतं? त्यांना वाजणारं पायजे. दुकानवाल्याला कळलं ते. तुमच्या सरकारला नाय कळलं, आन तुम्हालाबी नाय.”

मग त्या स्वतः काय करायच्या? मी सगळं लिहून घेतलं होतं, कारण ते कुणाच्याही घरी होण्यासारखं होतं आणि शहरातल्या घरीही व्हायला हरकत नाही. नागलीचं पीठ, त्यात मूठभर खुरासणी, म्हणजे कारळे, नाहीतर तीळ, शेवग्याचा वाळवून चुरलेला पाला, लसूण, मीठ. कोमट पाण्यात घट्ट मळायचं, तळहाताएवढं पातळ थापायचं, मातीच्या खापरीवर दोन्ही बाजूंनी भाजायचं आणि मग चुलीच्या कडेला, निखाऱ्याच्या धगीला उभं करून ठेवायचं, भिंतीला टेकवलेल्या ताटासारखं. घटकाभरात ते असं कडक व्हायचं की हातातून पडलं तर टणकन वाजावं. वाळूत फोडलेल्या साळीच्या लाह्या. भाजलेले उडीद, वर मिठाच्या पाण्याचा शिपका. मोहाची फुलं खापरीवर कुरकुरीत करून तिळाबरोबर. आणि सुकट. सुकट कोरडी भाजून, डोकी मोडून, लाह्यांत मिसळलेली. सुकटीच्या दिवशी पंगत सगळ्यात जास्त वाजायची. वजनबाईनं एकदा नाकाला पदर लावून विचारलं, “हे आहारात बसतं का?” भागाबाई म्हणाल्या, “पोटात बसतं, बाई.”

तळलेलं काहीच नाही. तेल होतं कुठे? पण असतं तरी त्यांनी तळलं नसतं. तळलेलं पहिल्या घासाला वाजतं, मग जिभेवर लोळतं, असं त्यांचं मत. खरी मेहनत आषाढात. त्या हवेत कडक भाकरीसुद्धा तासाभरात मऊ पडते. भागाबाईंचा पत्र्याचा डबा चुलीच्या बरोबर वर, धुरात टांगलेला असायचा आणि झाकणाची फट त्या रोज ओल्या पिठाच्या वातीनं बुजवायच्या. रोज उघडायची, रोज बुजवायची. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं आणि याचं मानधन नव्हतं.

नाशिकला एकदा सेविकांचं प्रशिक्षण होतं. सभागृह, पंखे, पडद्यावर चित्रं. बाहेरून आलेल्या आहारतज्ज्ञ बाई ‘घरच्या घरी पौष्टिक आणि कुरकुरीत’ या विषयावर बोलत होत्या. मोड आलेल्या मुगाची भेळ, गाजराचे काप, भट्टीत भाजलेली पालकाची पानं. मी मागच्या रांगेत बसले होते. थोड्या वेळानं सभागृहात एक आवाज पसरायला लागला. भागाबाईंनी पापड्यांचा डबा उघडून शेजारणीला दिला होता आणि तो रांगेरांगेनं फिरत होता. शंभरेक बायका, सगळ्या पहाटेच्या एसटीनं आलेल्या, भुकेल्या. व्याख्यान बुडालं.

“कोण खातंय?” बाईंनी विचारलं.

भागाबाई उभ्या राहिल्या. “सगळ्याच खात्यात. वाटतेय मी.”

“सत्र चालू आहे ना?”

“सत्र खाण्याचंच हाय ना, बाई?”

हशा झाला. त्या तज्ज्ञ बाईंचं कौतुक एवढंच की त्या मंचावरून खाली आल्या, एक पापडी घेतली, खाल्ली, आणि वही काढून कृती विचारून घेतली. तिळाऐवजी काय चालेल, पाला किती दिवस टिकतो, सगळं. पुढे त्या प्रशिक्षणाची पुस्तिका निघाली. त्यात पापडी होती. मापं ग्रॅममध्ये होती, फोटो होता. वर लिहिलं होतं, ‘स्थानिक पाककृती’. भागाबाईंचं नाव कुठेच नव्हतं.

मला संताप आला. आजही येतो. बाईनं केलं की ती स्थानिक पाककृती आणि तज्ज्ञानं लिहिलं की ज्ञान, हे काय आहे? मी ती पुस्तिका घेऊन पाड्यावर गेले. भागाबाईंनी फोटो पाहिला, म्हणाल्या, “यांची जाड झाली. नाय वाजायची,” आणि परत दिली. राग माझा होता. त्यांना तो आलाच नव्हता. हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी पाकिटं आली.

वरून आदेश होता. अंगणवाडीत शिजवायचं नाही, तयार आहाराची बंद पाकिटं वाटायची, पाण्यात कालवून द्यायची. धान्य येणं थांबलं. पाकीट उघडलं की गोडसर, कुबट वास यायचा. कालवलं की खळ. पोरं एक चमचा घ्यायची आणि ओठ मिटायची. आया पाकिटं घरी न्यायच्या, तिथून ती शेळ्यांच्या पुढ्यात जायची, आणि शेळ्यासुद्धा हुंगून मान फिरवायच्या. हे मी स्वतः पाहिलं आहे. कंत्राट कुणाचं होतं, कुणाच्या ओळखीनं मिळालं, यावर आम्ही दोन मोर्चे काढले. भागाबाई मोर्चाला आल्या नाहीत. त्यांनी पाकिटं फोडली.

त्या पिठात त्यांनी घरची नागली घातली, गोडवा मारायला चिंचेचं पाणी, मीठ, लसूण, आणि पाला. पापड्या पहिल्या आठवड्यात मोडल्या, दुसऱ्यात करपल्या. तिसऱ्या आठवड्यात पापड्या धगीला नीट उभ्या राहिल्या. पोरांनी खाल्ल्या. खोली पुन्हा वाजायला लागली. भागाबाईंच्या शेजारच्या घरातली जानी तेव्हा दोन-अडीच वर्षांची होती. तिला पाहिल्यावर मी नजर वळवायचे, इतकी ती वाळलेली. ती त्या पापडीची एक कडा अर्धा-अर्धा तास चघळायची, मग एक दिवस तिनं ती मोडली. भागाबाईंनी चुलीपुढून हात वर केला. “जानी,” त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

आता माझ्या चुकीचं. ती माझ्या एकटीची नव्हती, पण लेखणी माझी होती.

पाकिटांविरुद्ध आम्हाला एक मोठं पत्रक काढायचं होतं. आकडे सगळ्यांकडे असतात. आमच्याकडे माणूस होता. एक साधी सेविका, जिनं स्वतःच्या डोक्यानं सरकारी कचऱ्याचं अन्न केलं. बैठकीत एकानं विचारलं, नाव टाकायचं का. मी ताडकन म्हणाले, टाकायचंच. कष्टकरी बाईचं नाव कायम गिळलं जातं, पुस्तिकेत गिळलं, आता आपणही गिळायचं का? बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकं बरोबर बोललेलं वाक्य मला अजून पाठ आहे.

तरी मी विचारायला गेले. त्या पाला चुरत होत्या.

“तुमचं नाव छापतोय. चालेल ना?”

“छापल्यावर पोरांना काय भेटंल?”

“लोकांना कळेल. सरकारला झुकावं लागेल. धान्य परत सुरू होईल.”

“व्हईल?”

“होणारच.”

त्यांनी हात झटकले. “टाक मंग.”

‘होणारच’ हा शब्द मी कुठून आणला? मोर्चातून. तिथे तो शोभतो.

पत्रक बाजाराच्या दिवशी तालुक्याला वाटलं. हजार प्रती संपल्या. एक मी पाड्यावर घेऊन गेले. भागाबाईंनी ते बोट फिरवत पूर्ण वाचलं. स्वतःच्या नावापाशी बोट थोडं थांबलं, पुढे गेलं. शेवटी म्हणाल्या, “चिंचेचं पाणी जास्ती सांगितलंस. पोरांचे दात आंबतील.” त्यांना सापडलेली चूक तेवढीच होती.

बारा दिवसांनी त्यांना कार्यालयात बोलावलं. संघटनेची म्हणून मी बरोबर गेले आणि दाराशी एका खुर्चीवर मला बसू दिलं. अधिकारी मध्यमवयीन होते, आवाज न चढवणारे. त्यांच्या टेबलावर आमचं पत्रक होतं. त्यातल्या चार ओळींखाली लाल रेघ. ‘पाकिटातलं पीठ भागाबाई जसंच्या तसं देत नाहीत. त्यात नागली, पाला, चिंच मिसळून त्या अंगणवाडीच्या चुलीवर पापड्या भाजतात.’ लाल रेघेखाली ते वाक्य मला पहिल्यांदाच नीट दिसलं. आम्ही कौतुक लिहिलं होतं. ते कबुलीजबाब म्हणून वाचता येत होतं, शब्दही न बदलता. सीलबंद आहारात फेरफार. बंदी असताना चूल. पुरावा शोधायला त्यांना पाड्यावर जावंसुद्धा लागलं नव्हतं. आम्हीच तो छापून दिला होता, आमच्या खर्चानं, जाड टाइपात नावासकट.

“बाई,” साहेब म्हणाले, “मला तुम्हाला काढायचं नाही. तुमचं केंद्र चांगलं आहे, वजनं चांगली आहेत. पण हे वरपर्यंत गेलंय. तुम्ही एवढंच लिहून द्या की असं काही घडलेलं नाही, पत्रकातला मजकूर खोटा आहे. मी फाईल बंद करतो.”

कागद तयार होता. त्यांनी पेनाचं टोपण काढून तो पुढे सरकवला.

भागाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. आणि तेवढ्यानं भागलं नाही, तोंडानंही म्हणाले, “सही करू नका. आम्ही आहोत.”

साहेब माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाले, “या असतील का, सहा महिन्यांनी?”

भागाबाईंनी तो कागद बोट फिरवत वाचला. मग म्हणाल्या, “साहेब, पोरांनी खाल्लंय ते. खाल्लं ते नाय कसं म्हणू?”

त्यांनी सही केली नाही. माझ्या मानेमुळे की स्वतःच्या मनानं, ते मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती असं म्हणणं जास्त खरं.

महिन्याभरात भागाबाईंना कामावरून काढल्याचा आदेश निघाला आणि वजनबाई दोन माणसं घेऊन आल्या. वजनकाटा, तक्ते, पातेली, चटया, सगळं यादीवर टिक करून ताब्यात घेतलं. चूल यादीत नव्हती. ती भागाबाईंनीच घातलेली. “ही काढून टाका,” वजनबाई म्हणाल्या, आणि खाली बघत पुढे म्हणाल्या, “मला सांगितलंय तसं, बाई.” भागाबाईंनी स्वतः कुदळ आणली. चार घावांत चूल गेली. माती त्यांनी पाटीत भरून बाहेर नेली, जमीन शेणानं सारवली, आणि किल्ली दिली.

आम्ही काय केलं? तहसीलवर एक धरणं, एक निवेदन, एक पत्रक. आमच्यातले दोघे वकिलाला भेटून आले. मग इगतपुरीकडे धरणग्रस्तांचा प्रश्न पेटला आणि संघटना तिकडे गेली. मीही गेले. तिथला प्रश्न खोटा नव्हता. साहेबांचा हिशेब मात्र चुकला. त्यांनी सहा महिने धरले होते. आम्ही चार महिन्यांत निघालो.

नवी सेविका खालच्या गावची, आठवड्यातून तीन दिवस यायची. वाईट मुलगी नव्हती. पाकिटं वाटायची, सह्या घ्यायची, शेवटच्या एसटीआधी निघायची. भागाबाईंनी घरी चटई टाकून पाहिली. पहिल्या दिवशी सगळी पोरं आली. मग कुणीतरी पाड्यावर पसरवलं की तिकडे पोर धाडलं तर पाकिटाच्या यादीतून नाव जाईल. पाकीट शेळीनं खाल्लं नाही तरी यादीतलं नाव कुणाला घालवायचं असतं? यादीत नाव नसलं की दाखला अडतो, दवाखान्यात विचारतात, हे त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. दहा पोरं यायला लागली, मग चार, मग एकटी जानी. तिचं घर भिंतीला भिंत लागून म्हणून. नागली भागाबाईंच्या घरची, ती आषाढाच्या तोंडालाच संपली. मानधन बंद झालेलं. त्या लावणीच्या मजुरीला जायला लागल्या, उजाडता घर सोडायच्या.

जानी भादव्यात गेली. ताप आला, जुलाब लागले, तिसऱ्या दिवशी झोळीत घालून तिला खाली रस्त्याकडे नेत होते. झोळीच्या दांड्याचं मागचं टोक भागाबाईंच्या खांद्यावर होतं. अर्ध्या वाटेत त्या म्हणाल्या, “थांबा,” आणि दांडा खाली ठेवायला लावला. मला हे भिवाच्या बापानं सांगितलं. कागदावर कारण ‘ताप’ असं लागलं. वजनाचा उल्लेख नव्हता.

मी आठ दिवसांनी पोचले, वही घेऊन. भागाबाई ओट्यावर बसल्या होत्या, हातात काही काम नव्हतं. त्यांना तसं बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

“कागद काढायला आल्या?” त्या म्हणाल्या.

“भागाबाई, हे लोकांना कळलं पाहिजे.”

“मागच्या येळी कळलं ना लोकांना?”

मी वही मिटली.

“जानीचं नाव छापायचं नाय,” त्या म्हणाल्या. “तिच्या आईबापाचं नाय. माझंबी नाय. तुमची बस हाय साडेचारला, निघा. उशीर व्हईल.”

त्या दिवशी मी पुन्हा ‘तुम्ही’ झाले.

पत्रक निघालं. मीच लिहिलं. नावं नव्हती, ‘एक आदिवासी बालिका’ असं होतं. लोक म्हणाले, फार चांगलं झालं आहे.

त्यानंतर मी तिकडे तीन वर्षं गेले नाही. संघटना पुढे फुटली, मी नाशिकमध्ये एका शाळेत लागले. गेले ती एका जुलैत, एकटी, कुणी पाठवलं नसताना. पाड्यावर अंगणवाडीची पक्की इमारत झाली होती, भिंतीवर फळांची रंगीत चित्रं, दाराला कुलूप. भागाबाई घरी नव्हत्या. ओढ्याकडच्या खाचरात भेटल्या. सात-आठ बायकांच्या ओळीत वाकून भात लावत होत्या. इरल्यामुळे चेहरा दिसत नव्हता, पण हातांचा वेग ओळखीचा होता.

मी बांधावर उभी राहिले आणि तीन वर्षं जे बोलायचं ठरवत होते ते बोलले. पत्रक काढायला नको होतं. नाव टाकायला नको होतं. सही करू द्यायला हवी होती. माफ करा. ओळीतल्या बायका थांबल्या. भागाबाई थांबल्या नाहीत.

“तिथं माती मऊ हाय,” त्या म्हणाल्या. “पाय रुतंल. आल्याच हायत तर रोपं फेका इकडं.”

मी चपला काढल्या आणि रोपांच्या जुड्या फेकायला लागले. दोन-अडीच तास तेच केलं. एकदा जुडी लांब पडली तर शेजारची बाई म्हणाली, “कागदवाल्या बाईंचा नेम नाय लागत.” बायका हसल्या. भागाबाईही हसल्या असाव्यात, खांदे हललेले दिसले. माझ्या माफीतून त्यांना काय मिळणार होतं, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण तो तिथे होता.

निघताना त्या बांधापर्यंत आल्या. कंबर दोन्ही हातांनी मागून दाबून सरळ झाल्या. केस बरेच पांढरे झाले होते.

“संगी बारावी झाली,” त्या म्हणाल्या. “तिकडं शहरात काय काम असंल तर बघा तिला. दुकानात, कारखान्यात, धुण्याभांड्याचंबी चालंल.”

“आमच्या शाळेत बालवाडी आहे,” मी घाईघाईनं म्हणाले. “तिथं मदतनीस हवी आहे. मी सांगते. लगेच होईल.”

भागाबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्या कार्यालयात पाहिलं होतं, त्यानंतर पहिल्यांदाच.

“पोरांचं काम नको,” त्या म्हणाल्या.

मग इरलं डोक्यावर ओढलं, खाचरात उतरल्या, आणि ओळीत त्यांची रिकामी राहिलेली जागा होती तिथे वाकल्या.